उजवा डोळा डावीकडे

१ सप्टेंबर, सोमवार

डबडं! चाळीस माणसं डब्यात कोंबून वरून झाकण लावावं, तसं ऐकू आलं. त्यात ही कुठं शोधायची?

मुलीनं समूहगानाच्या मास्तरांना गाठून गेल्या डिसेंबरच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मिळवलं. पेन ड्राइव्ह आज टपालानं आला. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर लावलं. बिलं करायला घेतलेला कॉम्प्युटर, त्याचा आवाज म्हणजे बाटलीतला डास. शेवटी काचा घासायचं यंत्र सुरू केलं आणि कामाला लागलो.

ही जाऊन पाच महिने झाले. बत्तीस वर्षांचा संसार – आणि बायको गाताना कशी ऐकू येते ते मला माहीत नाही. लिहून टाकलं एकदाचं.

२ सप्टेंबर, मंगळवार

फोनमध्ये तिचे सात निरोप आहेत. येताना दूध. किल्ली कुंडीखाली. फोन का उचलत नाही. सगळे पाठ झालेत. ते बोलणं झालं. गाणं नाही.

अकरा वर्षं दर बुधवारी ती वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये गायला जायची. दर डिसेंबरात कार्यक्रम. मी एकदाही गेलो नाही. दुकानात गर्दी असते म्हणायचो. चष्म्याच्या दुकानात डिसेंबरात कसली आलीय गर्दी!

मुलगी म्हणते, बाबा, कानात घालायचे मिळतात ते घ्या, स्वस्त आणि मस्त. नको. कानात बोळे घालून बायकोला ऐकायचं? ती खोलीत हवी. भिंतीजवळ कुठंतरी उभी असल्यासारखी.

४ सप्टेंबर, गुरुवार

पहिलं दुकान. मोठ्या नावाचे, मोठ्या खोक्याचे स्पीकर. विकणाऱ्यानं लावले आणि माझ्या बरगड्या हलल्या. नाव मोठं, लक्षण खोटं. किंमत ऐकून मीच बाहेर पडलो.

दुसरं दुकान. वाडग्याएवढा एकच गोल स्पीकर, वायर नाही काही नाही. दिसायला गोजिरवाणा. आवाज म्हणजे सगळं एकाच ताटात कालवलेलं.

६ सप्टेंबर, शनिवार

तिसरं दुकान बोळात आहे, जुनं-नवं दोन्ही विकतात. मालकाला बोकडासारखी दाढी. त्याला मी मनात बोकडदाढीच म्हणतो. त्यानं पहिला प्रश्न विचारला, काका, कुठल्या प्रकारचं संगीत ऐकता? मी म्हटलं, एका बाईचं. चाळीस जणांत उभी आहे, तेवढी वेगळी काढायची.

हसला नाही. खुर्ची दिली. म्हणाला, मग धडामधूम नको तुम्हाला, नि खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. दोन हवेत, डावा आणि उजवा वेगळा. अंग लाकडाचं, प्लास्टिक नको. कानाच्या उंचीवर ठेवायचे, मध्ये हातभर अंतर. दोन माइकवर रेकॉर्डिंग केलं असेल, तर डावीकडची माणसं डावीकडून येतील, उजवीकडची उजवीकडून.

माझ्याकडे फोटो आहे! त्याच कार्यक्रमाचा. ही दुसऱ्या रांगेत, अगदी डाव्या टोकाला, आणि माइकची दांडी बरोबर तिच्यासमोर. दुसरी दांडी पार उजव्या टोकाला. म्हणजे तिचा आवाज मिळायलाच हवा.

९ सप्टेंबर, मंगळवार

बोकडदाढीकडे पुन्हा. तीन जोड्या ऐकल्या. त्याच्या दारात रिक्षा, हातगाडी, भांडण, सगळं चालू, त्यात काय कळणार! पण एक जोडी बरी वाटली. तळहाताएवढी, लाकडी, एकाच्या जाळीला पोचा. पोच्यामुळे निम्म्या किमतीत. मीही ओरखडा पडलेल्या फ्रेमा अशाच काढतो, दृष्टीत काही फरक पडत नाही. घेतली.

११ सप्टेंबर, गुरुवार

लावले!

बुडाशी अक्षरं आहेत – एकाच्या आर, दुसऱ्याच्या एल. उजवा आणि डावा. दुसरा एखादा इथं गडबडला असता. मी अडतीस वर्षं चष्मे करतोय. गिऱ्हाईक माझ्याकडे तोंड करून बसतं, त्याचा उजवा डोळा माझ्या डाव्या हाताला. नंबराच्या कागदावरसुद्धा उजवा डोळा डावीकडे लिहितात. स्पीकरही माझ्याकडेच तोंड करून बसलेत. म्हणून आर माझ्या डाव्या हाताला, एल उजव्या. आजवर एकाही फ्रेमेत माझ्या हातून डाव्याची काच उजवीकडे गेलेली नाही.

दुपारी शटर ओढलं. तिसरं गाणं, नदीचं. आणि डावीकडून एक आवाज आला. एकच, सगळ्यांच्या वर. पुसलेल्या काचेसारखा स्वच्छ. वर चढला, तिथं थांबला, थरथरला नाही.

मी यंत्राच्या स्टुलावर बसून रडलो. पाच महिन्यांत पहिल्यांदा नीट.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज सात वेळा.

१३ सप्टेंबर, शनिवार

उजवीकडे कोण बाई आहे कोण जाणे! सगळे पुढं जातात आणि ही मागून येते, अर्धी मात्रा उशिरा. ओळीच्या मध्येच श्वास घेते. वरचा सूर आला की सोडूनच देते. आपल्या हिच्या आवाजात मध्येमध्ये कडमडते नुसती. मास्तरांनी घेतलीच कशी! काचा पुसायचं जाड फडकं चौपदरी करून त्या स्पीकरवर टाकलं. आता बरं.

१५ सप्टेंबर, सोमवार

ते लिहायलाच हवं.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. घरी चार पाहुणे होते. ती आत चहा करता करता गुणगुणत होती. मी बाहेरून म्हणालो, "अगं, त्यापेक्षा भांडी आपट, ती तरी एका सुरात पडतात!" सगळे हसले. तीही हसली, ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हाही हसतच होती.

त्यानंतर ती घरात कधी गुणगुणली नाही. मला हे कळायला वर्ष लागलं. कळल्यावर वाटलं, विसरली असेल. विचारलं नाही. पुढं ती बुधवारी बाहेर जायला लागली, तेव्हाही विचारलं नाही.

आणि गळा असा होता! अशा गळ्याला मी भांडी म्हणालो. लोकांचे डोळे तपासायचे, आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. रोज दुपारी गाणं संपलं की माफी मागतो. डावीकडे तोंड करून, मोठ्यानं.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुलीला फोन केला. म्हटलं, तुझी आई काय गायची गं! मला कुणी सांगितलं का नाही? ती म्हणाली, "बाबा, आई आवडीनं गायची. तिला तेवढं पुरायचं." आवाज कसा होता त्याबद्दल काही बोलली नाही. रडू येत असेल बिचारीला.

२० सप्टेंबर, शनिवार

नर्सबाई आल्या होत्या चष्मा न्यायला. हिची समूहगानातली मैत्रीण, अकरा वर्षं शेजारी उभी राहिलेली. मी म्हटलं, या आत, तुम्हाला काहीतरी ऐकवतो. स्टूल पुसून दिलं. त्यांनी विचारलं, त्या स्पीकरवर फडकं का? मी म्हटलं, धूळ बसते.

नदीचं गाणं लावलं. बाईंनी डोळे मिटले. तो आवाज वर चढला तशा हसल्या.

"ह्या आमच्यातल्या शाळेच्या बाई," त्या म्हणाल्या. "काय गळा आहे नाही?"

मी म्हटलं, नाही, ही आपली. डावं टोक, फोटो बघा. त्यांनी फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं. मग हळू म्हणाल्या, "भावजी, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मी त्या दिवशी गायला नव्हते, समोर तिसऱ्या खुर्चीत बसले होते. शाळेच्या बाई त्या टोकाला. आपली ह्या टोकाला, दाराजवळ. हा आवाज तिचा नाही."

मी नाकाच्या पट्ट्या न तपासताच चष्मा हातात दिला. त्या गेल्या.

२१ सप्टेंबर, रविवार

त्या नर्स म्हातारीचे डोळे गेले होते ते मला माहीत होतं. कानही गेलेत.

आज नदीचं गाणं लावलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

राहवेना. बोकडदाढीला फोन केला. सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, तो आर असतो तो कुठल्या हाताला ठेवायचा?

"तुमच्या उजव्या. ऐकणाऱ्याच्या."

मी म्हटलं, पण तो आपल्याकडे तोंड करून बसतो ना, मग त्याचा उजवा आपल्या डावीकडे नाही का यायचा?

"काका," तो म्हणाला, "स्पीकर काय गिऱ्हाईक आहे का?"

दहा दिवस मी शाळेच्या बाईंची माफी मागत होतो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

दोन गिऱ्हाइकं. एकाला म्हटलं उजवा डोळा झाका आणि मी स्वतःचाच डावा झाकला. तो हसला. मीही हसलो.

२४ सप्टेंबर, बुधवार

स्पीकर जागचे हलवलेले नाहीत. फडकंही नाही. तिकडे बघायचं नाही असं ठरवलंय, तरी काच घासताना मान वळतेच.

हलवले नाहीत तर तो आवाज तरी राहील. परका असो, दहा दिवस तो तिचा होता. आणि हलवल्यावर काय ऐकू येईल ते मला ठाऊक आहे. मीच लिहून ठेवलंय, मागच्या पानावर. ते पान उलटून बघायचं धैर्य नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

नर्सबाई परत आल्या. चष्मा नाकाला रुततो. नाकावर दोन लाल खळगे पडलेले. मला लाज वाटली. बसवून घेतलं, पट्ट्या उकलल्या, नीट करायला घेतल्या. खाली मान घालून काम करत असलं की विचारता येतं. विचारलं, ती कशी गायची?

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. सूर यथातथाच. नेहमी अर्धी मात्रा मागं राहायची. शेजारून नर्सबाईंनी कोपरानं ढोसलं की मग उचलायची ओळ. मास्तरांनी म्हणूनच तिला टोकाला ठेवलेलं. तिलाही ते माहीत होतं. म्हणायची, मी शेपूट आहे तुमची, पण शेपटीशिवाय जनावर बरं दिसतं का?

माझा स्क्रू खाली पडला. शोधायला वाकलो, तो बराच वेळ वाकूनच राहिलो.

वरून त्या बोलत होत्या. "भावजी, एक सांगू का? तिसरी खुर्ची माझी नव्हती. दर वर्षी ती पडदा उघडायच्या आधी खाली यायची नि त्या खुर्चीवर पर्स ठेवायची. कुणी बसायला आलं की आम्ही वरून सांगायचो, येणारेत त्यांचे मिस्टर. गेल्या वर्षी माझा गुडघा असा, तर मला म्हणाली, तू बस गं. ते काही यायचे नाहीत."

स्क्रू सापडला. चष्मा बसवून दिला. त्यांनी आरशात बघितलं आणि म्हणाल्या, आता छान बसला.

२७ सप्टेंबर, शनिवार

दुकान उघडलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

दुपारी गेलो. नदीचं गाणं लावलं. स्पीकर हलवले नाहीत, वायरींना हात लावला नाही. खुर्ची उजवीकडे ओढली आणि फडकं काढलं.

पंधरा दिवस ती त्याच्याखाली गात होती.