पाळ्या आम्ही लावू!

सोमवार, ४ मार्च

‘वॉर्डातल्या आयाबायांनो, आपल्या पाळ्या आजवर ऑफिसनं लावल्या आणि आपण मुकाट भोगल्या!’ – दुपारच्या सभेत गरजले. मीही या इस्पितळात आयाच, वर संघटनेची सचिव. ‘पाळ्या आम्ही लावू!’ टाळ्याच टाळ्या.

साहेब गोड हसले. ‘लावा की, ताई. फक्त एक्सेलमध्ये द्या. गुरुवारपर्यंत. नाहीतर आम्ही आहोतच.’

मेल्यानं हसत हसत पाचर मारली! मला माऊस धरता येत नाही.

मंगळवार, ५ मार्च

लेक शिकवायला बसली. चौकटीत आकडा लिहिला की त्याच्या जागी नुसत्या जाळ्या उमटतात! ‘आई, शिवी नाही ती. रकाना अरुंद आहे.’ म्हणजे जागा कमी पडली की हा बोंब मारतो. आपल्यातलाच निघाला की!

क्रांत्यांचे इतिहास कोळून प्यायले, पण ही पट्टी रुंद कशी करायची ते एकाही ग्रंथात नाही.

बुधवार, ६ मार्च

‘आई, भाषण नको. क्लिक कर.’

गुरुवार, ७ मार्च

जिंकले! ऑफिसनं मागच्या महिन्याची शीट पाठवली होती – एका रकान्यात नावं, शेजारी पाळ्या. चार अदलाबदली केल्या. शेवटी शोभेसाठी नावं अकारविल्हे लावली. यंत्रानं विचारलं, शेजारचे रकानेही सोबत हलवू का? काही गरज नाही! छापून फलकावर डकवलीसुद्धा.

शुक्रवार, ८ मार्च

गदारोळ! साहेबांची मेहुणी, जिनं रात्रीचा वॉर्ड कधी पाहिला नाही, ती रात्रपाळीत!

लेकीनं कपाळावर हात मारला. ‘अगं, नुसती नावं हलली, पाळ्या जागच्या जागी! जन्मभर सगळ्यांनी मिळून हलू म्हणतेस, आणि इथे नाही म्हणालीस?’

साहेब म्हणाले, ‘शीट चुकलीय, ताई.’ माघार घेऊ? छे! ‘मग उद्या फलकापाशी, सगळ्यांसमोर, कोणाचं नाव चुकलंय ते मोठ्यानं वाचा!’

आता वाच म्हणावं! मेहुणीचं नाव घेतलं की पितळ उघडं.

शनिवार, ९ मार्च

वाचलं. एकच नाव. रात्रपाळीसमोरचं. माझं.

‘सचिवताईंना रात्रपाळी कधीच नसते. बरोबर ना, ताई?’

मेहुणी गालात हसली. बाकीच्या आया हसल्या नाहीत.

भाषण पुरे, बाई. डबा भर आणि रात्रपाळीला जा.