टाकीतली बाटली

मंगळवार, ३ जून
आज नुनताई रडली. प्रयोगशाळेत, सगळ्यांसमोर. तिने मोजून ठेवलेला रबराचा पातळ केलेला चीक तिच्या विरोत सरांनी त्याच काचेच्या नळीत घालून स्वतः मोजला. नळीतून खाली उतरायला जो वेळ लागतो तो तिच्या आकड्यांशी जुळेना. एकदासुद्धा नाही.
"नळी तीच, रबर तेच. मग हे कुठून आणलंस?"
"सर, तेव्हा नळीभोवतीच्या टाकीचं पाणी गार झालं असेल."
मी फरशी पुसत होते. फडका हातातच राहिला.
टाकीचं पाणी मी गार केलंय.

बुधवार, ४ जून
लिहूनच टाकते. माझ्या तान्ह्या मुकला मी झाडूच्या खोलीत ठेवते, माझ्याबरोबर झाडणारी सोम मावशी लक्ष ठेवते. बाकी कुणाला माहीत नाही. घरी कोण आहे? तिचा बाप बोटीवर. माझं दूध काढून कँटीनच्या फ्रीजमध्ये ठेवते. दुपारी सगळे जेवायला गेले की बाटली त्या टाकीत बुडवायची. टाकी कायम तीस अंशाला असते, नळी तिच्यातच उभी. दुधाचा गारठा मरतो. गरम पाणी मागायला गेलं की कँटीनवाला विचारतो, कुणासाठी गं?
सोम मावशी म्हणाली, "गप बस. शिकलेल्यांची भांडणं ती. तुझ्या बाटलीने काय समुद्र गार होतोय?"
मला नाही पटलं.

शुक्रवार, ६ जून
आता बाटली पोटाशी धरून बसते. मुक थुंकते गार दूध.
सरांनी आज टाकीतला थर्मामीटर बर्फात बुडवला. शून्याच्या किंचित वर दाखवतो म्हणे. तेवढं वजा करून सगळा हिशोब दुरुस्त केला. तरी जुळत नाही. सर हळू आवाजात म्हणाले, "यंत्राची चूक दुरुस्त करता येते, नुन. मनाने लिहिलेल्याला काय करणार?" सोमवारपर्यंत कारण सांग, नाहीतर कॉलेजातून नाव कमी करतो म्हणाले.
आईबाप पहाटे उठून रबराचा चीक काढतात तिचे. मी पोटुशी होते तेव्हा भरलेली बादली तीच उचलायची — "ठेव गं, वेडी आहेस का."

रविवार, ८ जून
मठात जाऊन भिक्खूंना भात वाढला.
सांगितलं तर मुक आणि मी रस्त्यावर. नाही सांगितलं तर ती.

सोमवार, ९ जून
सांगितलं. जिन्याखाली गाठून पाया पडायला गेले. नुनताईने दंड धरून उठवलं. मग म्हणाली, "रोज? रोज ठेवायचीस?"
मी हो म्हटलं. तर मला मिठीच मारली. "टिप, वाचवलंस मला." शिव्या देईल वाटलं होतं. इतकी चांगली मुलगी, आणि मी काय करून बसले तिचं.
सरांकडे गेलो. मुकला कडेवर घेऊनच गेले, आता लपवायचं काय. सर तिच्याकडे बघून म्हणाले, "ही कोण नवीन विद्यार्थिनी?" कुणी हसलं नाही. मग मला म्हणाले, "उद्या अगदी तसंच कर. फ्रीजमधली बाटली, तीच वेळ. आम्ही मोजतो."
कामावरून काढणार का ते काही बोलले नाहीत.

मंगळवार, १० जून
बाटली ठेवली. टाकी तापायला लागल्याचा लाल दिवा लागला, थोड्या वेळाने विझला. पाणी परत तीस. नळीतला वेळ सरांचाच आला. पुन्हा मोजला. तोच.
माझ्या बाटलीने काहीच झालं नव्हतं. ते आकडे नुनताईने मनानेच लिहिले होते.
सर तिच्याकडे बघत होते. ती माझ्याकडे.
"टिप, कधीकधी चार-पाच बाटल्या ठेवायचीस ना गं?"
माझ्याकडे एकच बाटली आहे.
मी हो म्हणाले.