पट्टीवरचा तळहात

आबा, आज गोठा आवरताना मेंढरांच्या लाल रंगाचा डबा सापडला. तळाशी रंग वाळून खडा झालाय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी डबा दिसला आणि मी नकळत तळहात चोळून गरम केला.

कंपवातानं सकाळी तुमचं अंग लाकडासारखं व्हायचं, कूस बदलायलाही मी लागायचो. गोळीचा जोर दुपारआधीच उतरायचा. म्हणून डॉक्टरांनी गोळीच्या जोडीला औषधाची पट्टी दिली. रोज सकाळी नवी, रोज नव्या जागी, कोरड्या कातडीवर लावायची, आणि वरून चोळून गरम केलेला तळहात थोडा वेळ दाबून धरायचा. नेमका तेव्हाच आपल्यात अबोला. कॉलेजातल्या राजुरीच्या एका मुलीवर माझा जीव जडला होता; तिच्यापायी मी तिच्या भावाला कॉलेजच्या गेटवर बदडलं होतं आणि कॉलेजच सोडून आलो होतो. पण बापाच्या अंगावर हात ठेवून माणूस किती दिवस गप्प बसणार? दंडावरचे केस काढायला मी कात्री घेतली तेव्हा तुम्हीच आधी बोललात. "जल्मभर मेंढरं कातारली, आता माझीच लोकर निघाली व्हय!" मग म्हणालात, "हात लई गरम हाय तुझा. डोक्यातली आग हातात उतरली तर बरंच, पट्टी तरी चिकटंल." अशाच एका सकाळी मी तिचं सगळं सांगून टाकलं. तुम्ही दंड पुढं केलात. "मीच जातो तिच्या घरी, मागणी घालायला. पण हात थरथरला तर म्हणतील, म्हातारा भ्यालाय. पट्टी नीट लाव."

कालची जागा कुठली, हे दोघांच्याही ध्यानात राहायचं नाही. त्यावर तोड तुमचीच. लस दिलेल्या मेंढीला आपण रंगाचा ठिपका लावतो, तसा पट्टी काढली की त्या जागी ठिपका. राजुरीला जायच्या आदल्या दिवशी घोडेगावला डॉक्टरांनी तुमचा सदरा वर केला आणि ते दचकलेच. "अहो, अंगभर ॲलर्जी उठलीय! पट्टी बंद करा."

"बंद करा म्हंजे?" मी खुर्ची मागं ढकलून उभा. "उद्या जायचंय आमाला!"

"बस खाली, येड्या," तुम्ही म्हणालात. "सायेब, रंग हाय त्यो. मेंढरांचा."

डॉक्टरांनी कापूस फिरवला, तो लाल झाला, आणि ते हसतच सुटले. एका ठिपक्याखाली मात्र खरंच कातडी लाल होती. रंग नको, म्हणाले, पट्टी चालू द्या.

राजुरीला चहा कपबशीत आला. तुम्ही कप उचलला, ओठाला लावला, रिकामा करून परत ठेवला. मुलीच्या वडिलांनी आवाज चढवला नाही. "पावणं, तुमच्या पोरानं कॉलेज सोडलं, आमची अजून शिकतीय," एवढंच. परतताना मोटरसायकलवर मागून तुमचा आवाज येतोय, "नाय म्हणाले रं. पण चहा सांडला नाय!" आणि लगेच पट्टीनं रोज यायची ती गुंगी आली, माझ्या पाठीवर डोकं टेकून तुम्ही झोपलात. तुम्ही पडू नये म्हणून मी एका हातानं तुमचा हात पोटाशी धरून गाडी हळूहळू चालवत आणली.

तुम्हाला लिहिलेलं हे पत्र कुठं टाकणार? त्या रंगाच्या डब्यातच ठेवतो. मित्र अजून चिडवतात, त्या दिवशी तिला डोळे भरून बघितलं असशील राव! मी हसतो, नाही म्हणत नाही. खरं सांगू, आबा? चहा तीच घेऊन आली होती, पण तिनं काय घातलं होतं हेसुद्धा मला आठवत नाही. मी सारा वेळ तुमच्या कपाकडं बघत होतो.