बाहेरची कडी

मूल गाव, मंगळवार, फेब्रुवारी १९८६

वीटभट्टीच्या मुकादमानं माझ्या बालवाडीला आज दार बसवलं. मी मागितलंच नव्हतं. आणि कडी बाहेरून! विचारलं तर म्हणे, "बाई, कुत्रे घुसते." रात्री रिकाम्या खोलीत घुसेल, ठीक. पण भरदुपारी, पोरं आत असताना कडी काऊन लावली?

वर ताकीद, "पोट्टे मायजवळ देऊ नका, माह्याच हाती द्या."

छत्तीसगडहून भट्टीवर मजुरीला आलेली ही माणसं आधी लेकरं पाठवायलाच तयार नव्हती. मग या मुकादमानं एका सकाळी सगळी आणून बसवली. मी खूश! पर्यवेक्षिकाबाई म्हणाल्या, अशीच हजेरी ठेव, नोकरी पक्की. तेव्हाच कसं खटकलं नाही मला?

संध्याकाळी फुलबासन आली, मंगलूची आई. गावी तिचा बाप आजारी आहे. दारातच हात जोडून उभी राहिली. "बाई, मोर मंगलू ला छोड़ दे. गाँव जाहूँ."

म्हणजे लेकरं आत, तोवर मायबाप भट्टी सोडत नाहीत. असंच ना?

पण हात तिनं मुकादमापुढं जोडले नाहीत, माझ्यापुढं जोडले. तिच्या लेखी ती कडी मीच लावते.

मंगलूला तिच्या कडेवर दिलं. उद्या पाट्यांच्या पिशवीत पेचकस नेणार आहे, कडीचे स्क्रू काढायला.