तळ्याकाठी पाठ केलेले शब्द

६ ऑक्टोबर, सोमवार
पोहोचलो एकदाचा! बसने उतरवलं तेव्हा डोंगर पानगळीच्या रंगांनी असा पेटल्यासारखा लाल झाला होता की पिशवी खाली ठेवून पाच मिनिटं नुसता बघत राहिलो. बारा केबिन, एक कचेरी, तिच्या मागे माझी खोली आणि समोर मिसागो तळं. बोगद्यांच्या कामात वीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं आकाश म्हणजे चैनच.

इसोगाई आजोबांनी एकतीस वर्षं इथली राखण केली. आज किल्ल्या माझ्या हातात दिल्या, गावात जायला-यायला एक जुना छोटा ट्रकही दिला. स्टोव्हची चिमणी कशी साफ करायची, गारठा पडायच्या आत पंपातलं पाणी कसं काढायचं, अस्वलं येतात म्हणून कचरा कुठे ठेवायचा, सगळं सांगितलं. त्याच सुरात म्हणाले, धुक्यात तळ्यावरून हाक आली तर ओ द्यायची नाही. मला हसू आलं. ते म्हणाले, हस रे बाबा, हसायला कुणी नको म्हटलंय? ओ तेवढी देऊ नकोस.

मोसम संपलाय, केबिन रिकाम्या आहेत. शनिवारी, अठराला, बायको शिनोबू आणि लेक कोतोहा दोन दिवसांसाठी येणार. केबिनच्या मालकांनी आनंदाने परवानगी दिली.

७ ऑक्टोबर, मंगळवार
दिवसभर त्याच तयारीत. तीन नंबरची केबिन नक्की केली, तिच्या खिडकीतून अख्खं तळं दिसतं. गाद्यांना ऊन दिलं. पहिल्या दिवशी मशरूम आणि डुकराच्या मांसाचा, मिसो म्हणजे सोयाबीनची खारट चटणी घातलेला गरम रस्सा, दुसऱ्या दिवशी वाळक्या पानांच्या आगीत रताळी. होडीत बसताना घालायला कोतोहाच्या मापाचं लाइफ जॅकेट शोधून धुऊन टाकलं.

मोबाइल इथे चालत नाही, म्हणून रोज चार वाजता कचेरीतून घरी फोन करायचं ठरलंय. कोतोहाने विचारलं, अस्वल आलं तर तुम्ही आधी पळणार की मी? आठ वर्षांची आहे, पण जीभ आईची. शिनोबू एवढंच म्हणाली, बघू, तुझं काही काम निघालं नाही तर येऊ.

हे ती का म्हणते ते मला ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी आमचं दुसरं बाळ जन्मतःच गेलं. ती इस्पितळात होती आणि मी बोगद्यावर. निघता आलं असतं. निघालो नाही. नंतर म्हणालो, काम होतं. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. म्हणून तर ही सहल. इथे, तळ्यासमोर बसून तिची माफी मागायची आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार
मला बोलता येत नाही, हे खरं. म्हणून सकाळी धक्क्यावर जाऊन शब्द पाठ करत होतो, मोठ्याने. धुकं इतकं की स्वतःचे बूट दिसेनात. मध्येच पाण्यावरून हाक आली, ओ—इ! एखादा मासेमार असेल म्हणून मीही ओ दिली. आजोबांचं बोलणं आठवलं ते नंतर.

माणूस गप्पिष्ट निघाला. काय पुटपुटतोस, म्हणाला, नीट ऐकू येत नाही, पुन्हा म्हण की. मी लाजलो, पण म्हटलं. न दिसणाऱ्या माणसाशी बोलणं सोपं जातं. कोण येणार आहे, कधी येणार आहे, त्याने विचारलं. सांगितलं. बायकोला हाक कशी मारतोस, पोरीला लाडाने काय म्हणतोस, तेही विचारलं. सांगितलं.

११ ऑक्टोबर, शनिवार
घसा बसलाय. गारठा असेल. आजही तो होता. बाळाचं सगळं सांगितलं त्याला, पहिल्यांदाच कुणाला तरी. तो म्हणाला, आता छान जमायला लागलंय तुला.

त्याची होडी अजून दिसलेली नाही. वल्ह्यांचा आवाजही कधी येत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार
नऊ नंबरच्या पंपाशी झटापट करता करता साडेपाच झाले. धावत येऊन फोन लावला. शिनोबू रडत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, पुन्हा का केलास रे? आत्ताच तर तासभर बोललास. चार वर्षं वाट पाहिली मी हे ऐकायची. आणि म्हणाली, बघ, बोलून बोलून घसा पार गेलाय तुझा, झोप आता.

मी नाही, असं सांगायला हवं होतं. पण ती हसत होती. किती वर्षांनी हसत होती. मी हं म्हणालो आणि फोन ठेवला.

रिसीव्हर ओला होता. शेवाळाचा वास येत होता.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
ट्रक घेऊन खाली गावात गेलो. माझा आवाज ऐकताच इसोगाई आजोबांच्या बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि आत निघून गेली. आजोबांनी एकच विचारलं, काय काय सांगितलंस त्याला? मी सगळं सांगितलं.  ते म्हणाले, कोसुगे नावाचा एक जण होता, तो नुसतं नाव सांगून बसला होता, तेवढ्यावर त्याचा आवाज गेला. तू तर घर उघडून दिलंस. पोरीला इकडे येऊ देऊ नकोस. तिथूनच घरी फोन लावला, कुणी उचलला नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार
आवाज गेला. कुजबुजसुद्धा निघत नाही. घरी फोन लावला. शिनोबू हॅलो, हॅलो करत राहिली, मग कोतोहाला म्हणाली, कुणीतरी चेष्टा करतंय गं, आणि ठेवून दिला.

सकाळी धुक्यात कुणी गात होतं. कोतोहा लहान असताना मी तिला झोपवायला जे गुणगुणायचो ते. माझ्याच आवाजात. माझ्यापेक्षा सुरात.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
आजोबांच्या घरून त्यांनाच शिनोबूला फोन करायला लावला. येऊ नका, त्यांनी चार-चारदा विनवलं. शिनोबू अदबीने म्हणाली, आजोबा, तुमचा फोन येईल हे आमच्या ह्यांनी सांगूनच ठेवलंय. तुम्ही एकटे पडलात, तुम्हाला करमत नाही, तुमचं मनावर घ्यायचं नाही म्हणाले.

आजोबांनी रिसीव्हर ठेवला. माझ्याकडे बघेनात.

उद्या पहाटेच निघतो. ट्रकने थेट घरी. दारातच अडवतो त्यांना.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
धुकं. नऊपर्यंत रस्ताच दिसेना. कसाबसा निघालो तर वळणावर समोरून आमचीच गाडी. एक दिवस आधी. तूच म्हणालास ना, शुक्रवारीच या, म्हणून शाळा बुडवली, शिनोबू म्हणाली. कोतोहा खिडकीतून अर्धी बाहेर.

कागदावर लिहून दाखवलं — परत जा. आत्ता जा.

तिचा चेहरा उतरला. काम निघालं का, म्हणाली. एवढंच. आणि गाडी तशीच पुढे केबिनकडे नेली.

दुपार — निघू या म्हणून हात जोडले. धुकं आणखी दाट. रस्ता पाण्याच्या कडेने आहे, ह्यात गाडी काढणार नाही म्हणते. बरोबर आहे तिचं. फोनवर इतकं बोलणारा माणूस समोर आल्यावर मुका कसा, विचारते. घशाकडे बोट दाखवलं. तिने नजर वळवली.

ही वही तिला द्यायची. पहिल्या पानापासून. सगळं लिहून झालं की —

पाच वाजले — दारावर थाप. कोतोहा धावली. मी तिला धरलं, जोरात. रडली.

बाहेर मी आहे. म्हणजे माझा आवाज. कोतोहाला लाडाने हाक मारतोय. म्हणतोय, बाळा, दार उघड, मी सरपण आणायला गेलो होतो. आत कोण आहे तुमच्याबरोबर?

शिनोबू माझ्याकडे बघतेय.

तो बोलतोय. बाळाचं. इस्पितळाचं. सगळं, जसंच्या तसं, मी पाठ केलेलं. तिच्या डोळ्यांतून पाणी — म्हणतोय, आत बसलाय त्याला सांग, हेच एकदा म्हणून दाखव.

शिनोबू म्हणाली, म्हण. एकदाच म्हण, मग मी दार उघडत नाही.

तोंड उघडलं. नुसती हवा.

वही पुढे केली. घेत नाही. लिहून काय होतंय, म्हणते, चार वर्षं मला ऐकायचं होतं. कोतोहा माझा हात सोडवून तिच्यामागे — मला घाबरते. मला.

दाराखालून पाणी येतंय. तिला दिसत नाही का — शिनोबू, खाली बघ — बघ —

तिचा हात कडीवर —

शिनोबू, मी चुकलो. निघता आलं असतं. त्या दिवशी मला तुझ्याकडे यायला