रामटेकचं चित्र काढलंच नव्हतं

आई, तुला जाऊन वीस वर्षं झाली, तरी एका गोष्टीसाठी मला अजून तुझा रागच येतो. माझ्या चित्रांचं श्रेय तू रामाला दिलंस.

धाकटी तेव्हा आठ वर्षांची. बोलायची चार-पाच शब्द, आणि रोजच्यापेक्षा जरा काही वेगळं झालं, आंघोळीआधी चहा मिळाला तरीसुद्धा, की जमिनीवर डोकं आपटायची. डॉक्टरांनी ‘मंदबुद्धी’ लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तू तिला मारायचीस, मग तिच्याच शेजारी बसून रडायचीस. मी नववीत होते. माझ्या लक्षात आलं की सांगितलेलं तिच्यापर्यंत पोचत नाही, पण कॅलेंडरवरचं चित्र ती तासभर बघत बसते. म्हणून लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर मी तिचा दिवस काढला. बादली, कपबशी, वेणी, ताट, अंथरूण. स्वयंपाकघरात सुतळी बांधून चिमट्यांनी ओळीनं लावला. एक काम झालं की ती तो कागद काढून डब्यात टाकायची आणि पुढच्याकडे बोट दाखवायची. महिनाभरात डोकं आपटणं जवळजवळ थांबलं.

आणि तू? आधी म्हणालीस, ‘‘घराची काय शाळा करून राहिली वं? पाव्हणे आले तं काय म्हणतीन?’’ मग गुण दिसला तेव्हा शेजारच्या काकूंना सांगितलंस, ‘‘रामटेकच्या रामाले नवस बोलली होती. पावला.’’ मी तिथंच पोळ्या लाटत होते, आई!

नवस फेडायला आपण तिघी निघणार होतो. ‘‘उद्याची चित्रं काढून ठेवते,’’ मी म्हणाले. ‘‘देवाच्या दारी जायाले चित्र काहून पायजे?’’ सकाळी तू तिला नवा फ्रॉक घातलास आणि एसटीत बसवलंस.

गडाच्या अर्ध्या पायऱ्यांवर ती खाली बसते, किंचाळते, दगडावर कपाळ आपटते. लोक थांबून बघताहेत. कुणी म्हणतं, अंगात आलं. तू तिला दोन्ही हातांनी आवळून धरलंयस, पदराला रक्त लागलंय, आणि माझ्याकडे बघून म्हणतेस, ‘‘काढ वं काहीतरी. काढ ना!’’ मी प्रसादाच्या पुडीचा कागद फाडला, फुलवालीकडून पेन्सिल मागितली. पायऱ्या, देऊळ, एसटी, घर. बराच वेळ गेला. मग ती हुंदके देत गप्प झाली आणि तिनं एसटीवर बोट ठेवलं. आपण दर्शन न घेताच परतलो.

त्यानंतर रोज संध्याकाळी तू माझ्यापुढे मुकाट्यानं कोरे कागद ठेवायचीस. पण काकूंना सांगितलंस काय, तर देवानं पोरीला वाटेतच दर्शन दिलं! एकदा, फक्त एकदा, माझं नाव घेतलं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं?

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिते. पायऱ्यांवर ती किंचाळायला लागली तेव्हा मला बरं वाटलं होतं. रक्त दिसेपर्यंत मी जागची हलले नव्हते.