माळ्याचा आवाज

८ मार्च

ती. काकांना,
शि. सा. न., वि. वि.

काका, आला! तुमचा आवाज परत आला! काल मालिकेत माळी बोलायला लागला आणि मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही फोनवर येत नाही, काकू विचारलं की विषय बदलते, म्हणून मी आपली मुकाट्यानं पत्रं लिहीत बसले होते. आणि तुम्ही गुपचूप जाऊन डबिंग करून आलात! एका शब्दानं सांगितलं नाहीत. याचं भांडण भेटीत.

आज चष्म्याच्या दुकानात कामाचा पार बोऱ्या वाजला. मी काचा घासायच्या सोडून आणि आमच्या डोळे तपासणाऱ्या बाई गिऱ्हाइकं सोडून माळ्यावरून हमरीतुमरीवर आलो. बाईंचं म्हणणं, लेखकानं पात्राची माती केली. अंतराळयानातली बाग सांभाळणारा रोबोट, इतकी वर्षं ‘जी, कप्तान’ याखेरीज ज्यानं तोंड उघडलं नाही, तो पाणी संपत आल्यावर बाग वाळू द्यायचा हुकूम एकाएकी कसा मोडेल? मी म्हटलं, एकाएकी कुठलं! कप्तानबाईंची मुलगी गेली तेव्हापासून तो तिनं लावलेल्या लिंबाच्या रोपाला सगळ्यांत शेवटी पाणी घालतो, का, तर तिथं जरा जास्त थांबता यावं. आपलंच लक्ष नव्हतं. त्यानं रोपासाठी थोडं पाणी मागितलं तेव्हा मी तर टीव्हीशी जाऊन बसले. यावर बाई म्हणाल्या, ती करामत लेखकाची नाही, आवाजाची आहे. मग मी फुगून सांगून टाकलं की तो आवाज आमच्या घरचा आहे.

आता निमूटपणे फोन करा. काकूला नमस्कार. लोभ आहेच, तो आता कानांवरही पडू द्या.

तुमची,
टिटवी


१४ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकूनं वाचलं आणि माझ्याकडे न बघता टेबलावर ठेवून दिलं. तेव्हाच ओळखलं, हे सांगणं माझ्या वाट्याला आलंय.

बाळ, ऑपरेशननंतर मी तुला आवाज गेला असं लिहिलं होतं. तू तो बसला असं वाचलंस. गाठ स्वरयंत्रावर होती, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता गळ्याला भोक आहे, श्वास तिथून घेतो. काकूशी पाटीवर लिहून बोलतो. भांडण तेवढं जमत नाही. माझं वाक्य पुरं होईपर्यंत ती दुसऱ्या खोलीत पोचलेली असते.

तू ऐकलास तो आवाज संगणकानं तयार केलाय. माझी जुनी रेकॉर्डिंगं त्याला ऐकवली आणि तो माझ्यासारखा बोलायला लागला. स्टुडिओवाल्यांनी रीतसर विचारलं, मीच होकार दिला. वाटलं, मी नाही तर निदान माळी तरी बोलेल.

गंमत बघ. दर भागाला मी दिग्दर्शकाचं डोकं खायचो, की हा गडी कधी ‘नाही’ म्हणणार आहे की नाही? ते कसं म्हणायचं हेही मनाशी ठरवून ठेवलं होतं. ओरडायचं नाही, ठणकावायचं नाही. लाजत म्हणायचं, पहिल्यांदाच काही चोरताना पकडला गेल्यासारखं. ते वाक्य आलं आणि माझ्याकडे गळा नव्हता. तुझ्या बाईंना सांग, माळ्याच्या बाबतीत तुझंच खरं. तो बदलतोय हे मला फार आधीपासून ठाऊक होतं.

तो भाग लागला तेव्हा काकू आत भांडी घासत होती. माळ्यानं थोडं पाणी मागितलं. आतून काकूची ओ आली, आणते हो. नळ सुरू झाला, बंद झाला. मी उठेपर्यंत ती भरला पेला घेऊन दारात. माझं तोंड मिटलेलं आणि टीव्हीवर मी बोलतोय. ती एकदा तिकडे बघे, एकदा माझ्याकडे. तिला सगळं ठाऊक होतं गं, पण जन्माची सवय. मी पेला घेतला आणि पाणी प्यायलो. दुसरं काय करणार होतो?

रडत बसू नकोस. काचेवर डाग पडतील. पत्र लिहीत जा, वाट बघायला मला तेवढंच आहे.

तुझा,
काका


२० मार्च

ती. काकांना,
शि. सा. न., वि. वि.

तुमचं पत्र मी दुकानातच फोडलं. पुढचं मला नीट आठवत नाही. बाईंनी मला डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन बसवलं आणि बाहेर यंत्र बिघडलंय असं सांगून टाकलं.

घरी येऊन तो भाग पुन्हा लावला, खोट काढायलाच. माळी ‘नाही’ सरळच म्हणतो, लाजत नाही. पण हे मला तुमचं पत्र वाचल्यावर कळलं. आधी मला तेच बरोबर वाटलं होतं. बाबा गेल्यावर मला रोज शाळेसाठी उठवलं ते तुमच्या आवाजानं, आणि त्याची नक्कल मला ओळखता आली नाही, काका. चाहत्यांच्या गटात सगळे लिहितायत की माळी इतका माणसासारखा कधी बोललाच नव्हता. मी चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या.

आता जे लिहिते त्याचा राग येऊ देऊ नका. मला तो आवाज पुढच्या भागातही हवाय. खोटा तर खोटा. तो बंद झाला तर मी तुम्हाला कुठे ऐकू?

महिनाअखेरच्या शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. येऊ नको म्हणू नका. माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
टिटवी


२५ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

राग कसला. तुझ्या जागी मी असतो तर हेच मागितलं असतं.

स्टुडिओनं पुढच्या भागाबद्दल विचारलं. त्यात माळी कप्तानबाईंची माफी मागतो, फार चांगलं लिहिलंय. मी पाटीवर लिहून काकूला विचारलं, काय कळवू? ती म्हणाली, तिला दोन नवरे नकोत, एक बोलणारा आणि एक बसणारा. बसणारा पुरे. मग पदरानं पाटी पुसून स्वयंपाकघरात गेली. मी स्टुडिओला थांबवा म्हणून कळवलं. माणसं सज्जन आहेत, ऐकलं त्यांनी.

माळ्याला आता दुसरा कलावंत आवाज देणार आहे. परवा भेटून गेला. दोन मुलांचा बाप, पण माझ्यासमोर शाळकरी पोरासारखा हात मांडीवर ठेवून बसला. आवाज जरा पातळ आहे. त्याचा माळी वेगळाच होईल. तुझ्या बाई पुन्हा म्हणतील की पात्राची माती केली. या वेळी वाद घालू नकोस, त्याला थोडा वेळ द्या.

मला कुठे ऐकायचं म्हणून विचारलंस. दोन दिवस उत्तर शोधतोय. कुठेच नाही, बाळ.

शनिवारी मी स्टेशनवर येतो. गाडीतून उतरलीस की तू दर वेळी बाहेर पडायच्या दाराच्या उलट्या बाजूला चालू लागतेस आणि मी मागून हाक मारतो. या वेळी दोन टाळ्या वाजवीन. वळून बघ.

तुझा,
काका